उतरतानाची रेघ

माझा जन्म कपडे वाळवण्यात गेला. त्यामुळे वाळवण्याच्या विषयात कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत मी लॉन्ड्री चालवली. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, नाटकवाल्यांचे झगे, सगळं माझ्या हाताखालून गेलं. ऊन, वारा आणि हे दोन्ही रुसले तर ड्रायर, याखेरीज चौथ्या कशाने काही वाळतं असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

आणि सूनबाईने नेमकं तेच सांगितलं, तेही जेवताना, माझ्या पानात वाढता वाढता.

"बाबा, वर आभाळात हवा थंडीने वाळते."

"थंडीने सर्दी होते," मी म्हणालो. "वाळत काही नाही."

मी त्या घरात नवा होतो. बायको गेली, पाठोपाठ लॉन्ड्री विकली आणि बोचकं उचलून मुलाकडे राहायला आलो. आमचे चिरंजीव दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. सूनबाई गावाबाहेरच्या टेकडीवर, हवामानाच्या केंद्रात कामाला. तिथून ही माणसं मोठाले फुगे सोडत आणि फुग्याला यंत्राची पेटी बांधून वरची हवा मोजत. फुगे वाढदिवसाला लावतात एवढंच मला तोवर माहीत होतं. पण शिकल्यासवरल्या सुनेशी पहिल्याच आठवड्यात वाद नको म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे दुसऱ्या दिवशी एक रुमाल ओला करून तिच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टाकला.

रुमाल पत्र्यासारखा कडक झाला. मी रोज उघडून बघायचो आणि मनातल्या मनात हसायचो. मग प्रवासाला गेलो, विसरलो, आणि परत आल्यावर बघतो तो रुमाल मऊ. कडक नाही, ओला नाही, चक्क वाळलेला. माझा चेहरा पडला. पण माणसाने हार मानावी तर उघड मानावी, म्हणून मी तो तिच्यासमोर ठेवला. "जिंकलीस तू. थंडीने वाळतं."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बघा, पटलं ना? हिने रुमाल हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "नाही बाबा, हे वेगळं आहे. इथे रुमालातलं पाणी हवेने नेलं. माझ्याकडे हवेतलंच पाणी काढायचं असतं. माझा रुमाल म्हणजे हवाच."

आयती मिळालेली जीत परत करणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. माझा तिच्यावर जीव जडला तो त्या दिवशी, ओट्यापाशी, त्या रुमालावरून.

"मग हवेला पिळतं कोण?" मी विचारलं.

"थंडीच पिळते."

आणि तिने मला सगळं समजावलं. गरम प्रदेशातल्या समुद्रांवरून हवा वर चढते, ओलीगच्च. बरंचसं पाणी वाटेत पावसाच्या रूपाने गळून जातं. उरलेलं घेऊन ती सावकाश, अगदी आळसावल्यासारखी, वर सरकत राहते. सोळा-सतरा किलोमीटरवर एक थर लागतो, सगळ्यात थंड. उणे ऐंशी, कधी त्याच्याही खाली. आपल्या फ्रीजने तोंड लपवावं अशी थंडी. तिथे हवेला पाणी धरून ठेवता येत नाही. त्या पाण्याचे बर्फाचे बारीक कण होतात आणि ते खाली पडतात. हवा वर निघून जाते, पाणी मागे राहतं. पलीकडे पोचते तेव्हा दहा लाख कणांत पाण्याचे चार-पाच. भर वाळवंटातली हवा तिच्यापुढे ओलं फडकं म्हणायची. पुढे ती हवा वर्षानुवर्षं जगभर हिंडते, वर पुन्हा ऊबही मिळते तिला, पण वाटेत जी सर्वांत थंड जागा लागली तिथला कोरडेपणा ती बरोबर घेऊन जाते. आणि त्या चार-पाच कणांत थोडी जरी वाढ झाली तरी खाली आपल्याला जास्त उकडतं.

मी ऐकत राहिलो. एवढं मोठं आभाळ, आणि त्याला एकाच दाराने वर जायचं, आणि त्या दारात उभं राहून कुणीतरी प्रत्येक घोट हवा पिळून मगच आत सोडतंय. असं काटेकोर काम मी माझ्या कारागिरांकडून उभ्या जन्मात करून घेऊ शकलो नाही.

"पण पिळलेलं पाणी खाली पडलं नाही तर?" मी म्हणालो. "आमच्याकडे पिळायच्या यंत्राचं भोक तुंबलं की कपडे तेच पाणी परत पिऊन बसायचे."

"भोक तुंबलं याला काय म्हणता तुम्ही?"

"निचरा होत नाही म्हणतो."

"निचरा," ती म्हणाली, आणि तो शब्द तिने उचलला तो कायमचा. "माझं सगळं काम त्या निचऱ्यावरच चाललंय बाबा."

ते काम असं होतं. तिच्या पेटीत नखाएवढा आरसा असे, आमच्या डॉक्टरसाहेबांच्या दात बघायच्या आरशाहूनही लहान. तो आरसा इतका गार करायचा की त्यावर बर्फाची अगदी पातळ साय धरावी, आणि ती साय ना वाढू द्यायची ना आटू द्यायची. किती गार केल्यावर साय टिकते, त्यावरून हवेत पाणी किती ते कळतं. हवा आरशापर्यंत यावी म्हणून पेटीला वरखाली नळ्या. तर या आरशाने तीन हंगाम एक भलतीच गोष्ट दाखवली होती. आभाळात उंच पातळ ढग असलेल्या दिवशी, सर्वांत थंड थराच्या लगेच वर, हवा ओली दिसत होती. थोडीशीच, पण दर वेळी.

सूनबाईचं म्हणणं होतं की बर्फाचे अगदी बारीक कण खाली पडतच नाहीत. हवेबरोबर तरंगत वर जातात, तिथल्या उबेत विरघळून पुन्हा वाफ होतात. म्हणजे जगभर जो निचरा पूर्ण धरून चालतात तो पूर्ण नाही. आभाळाचं भोक तुंबलंय.

हे जर खरं ठरलं तर साधी गोष्ट नव्हती. तिने लेख लिहून पाठवला होता. केंद्राच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या तर हरखून गेल्या होत्या. सूनबाईची नोकरी हंगामापुरती, कराराची. केंद्रात कायमची एकच जागा निघाली होती आणि तिची मुलाखत तोंडावर आली होती. हा शोध हातात असला तर ती जागा तिचीच, असं मोठ्या बाई घरी येऊन सांगून गेल्या. नसला तर हंगाम संपला की करार संपला. अशी केंद्रं काही किराणा दुकानासारखी गल्लोगल्ली नसतात. मग काम असेल तिथे बिऱ्हाड हलवायचं, दवाखाना बंद करायचा, आणि म्हातारबुवांनी दुसऱ्यांदा बोचकं बांधायचं.

सगळं सुरळीत चाललं असताना त्या खडूसचं पत्र आलं.

खडूस म्हणजे सातासमुद्रापलीकडचा एक शास्त्रज्ञ. त्याचं खरं नाव मला उच्चारता येत नसे. सूनबाईचा लेख तपासायला त्याच्याकडे गेला होता. पानभर पत्र, ना कौतुकाचा शब्द ना शिवी. शेवटी एकच प्रश्न. उतरताना काय दिसलं?

मला तो प्रश्न कळला नाही. चिरंजीवांनाही कळला नाही, पण ते मान हलवत राहिले. सूनबाईने मात्र हातातला घास पानात ठेवला.

"वर जाताना पेटी आधी ढगातून जाते," ती म्हणाली. "ढगातला बर्फ नळीत अडकला, तर वरच्या कोरड्या हवेत तो हळूहळू सुकत राहतो. आरशाला वाटतं आभाळच ओलं आहे. हा धोका आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतो. नव्या मुलांना तो मीच शिकवते. म्हणून दाट ढगांची सगळी उड्डाणं मी आधीच टाकून दिली. फक्त पातळ ढगांची ठेवली. म्हटलं, इतका पातळ ढग नळीत काय ठेवणार?"

"आणि उतरताना?"

"उतरताना पेटीला तो वरचा थर आधी लागतो, ढग नंतर. तोवर नळी पार वाळलेली असते. जे दिसेल ते खरं. पण आमचे फुगे वर जाऊन फुटतात आणि पेटी कोलांट्या खात खाली येते, इतक्या वेगात काही नीट मोजता येत नाही. फुगा न फुटता सावकाश उतरायला हवा."

त्यासाठी फुग्याच्या तोंडाला झडप लागते. ठरलेल्या उंचीवर झडप उघडली, गॅस थोडा थोडा सुटला की फुगा अलगद खाली येतो. तशी झडप केंद्रात नव्हती. आठवडाभर सूनबाई जेवणाच्या टेबलावर तारा आणि स्क्रू पसरून बसली. मोटर तिने दवाखान्यातल्या मोडक्या यंत्रातून काढली, ज्याने चिरंजीव एकेकाळी लोकांचे दात चकचकीत करत. झडप उघडली-मिटली की डास गुणगुणल्यासारखा आवाज येई.

मोठ्या बाईंना हे कळलं तशा त्या संध्याकाळी घरी आल्या. बाई प्रेमळ. सूनबाईला त्यांनी लेकीसारखं तयार केलं होतं.

"झडप पुढच्या हंगामात लाव," त्या म्हणाल्या. "खडूसला उत्तर द्यायला वर्ष आहे आपल्या हातात. दोन पेट्या उरल्यात, दोन्ही नेहमीसारख्या सोड. आधी मुलाखत होऊ दे."

त्या गेल्यावर टेबलाभोवती आम्ही तिघं उरलो. चिरंजीवांनी घसा साफ केला. "मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. ते असं म्हणतात तेव्हा बरंच काही म्हणायचं असतं. "पण आता कुठे लोक माझ्यापुढे तोंड उघडायला लागलेत. आधी वर्षभर मी त्या खुर्चीत स्वतःच झोपत होतो."

मग मी तोंड घातलं. मी फटकळ माणूस, पोटात ठेवत नाही. "बाई बरोबर बोलल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला कुणी विचारलेलं नाही, कुणी अडवलेलं नाही. विकतचं दुखणं कशाला घेतेस? नोकरी पक्की कर आणि मग खुशाल दहा झडपा लाव."

तिने स्क्रू घट्ट केला. "मूठ माझी आहे ना बाबा? आत काय आहे ते मला तरी कळू दे."

मी स्क्रूंची डबी तिच्याकडे सरकवली. 

दोनच दिवसांनी सकाळी हवे तसे ढग आले, उंचावर, चाळणीतून पीठ सांडल्यासारखे विरळ. सूनबाईने गाडीची किल्ली उचलली आणि मीही चपला घातल्या. तिने का म्हणून विचारलं नाही.

टेकडीवरचा तो कारभार बघून मी गारच झालो. पत्र्याची उंच शेड, आत लांबलचक फुगा जमिनीवर निजलेला, आणि त्यात गॅस भरणारे दोरीमामा. फुगे, दोऱ्या, रिळं सगळं त्यांच्या ताब्यात. फुग्याला ते असे हात लावत की बाळाचं अंग पुसतात जणू. पेटी फुग्यापासून खूप खाली, लांब दोरीवर टांगायची, कारण फुगा आपल्या कातडीवर खालचा दमटपणा घेऊन जातो. सूनबाईने हात कोरडे केले, मोजे चढवले, नळ्यांची टोपणं तपासली. तिच्या भोवती कुणी बोलत नव्हतं. बोलायचंच झालं तर तोंड फिरवून.

"श्वाससुद्धा ओला असतो बाबा," तिने मला आधीच बजावलं होतं. "टोपण काढलं की पेटी हातातून सुटेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. जमणार नसेल तर लांब उभे राहा."

जमणार नसेल म्हणाली म्हणून मी जवळ उभा राहिलो. तिने टोपणं काढली, मान हलवली, दोरीमामांनी फुगा सोडला. दोरी सळसळत गेली, पेटी तिच्या हातातून अशी उचलली गेली की तिला धक्का म्हणून लागला नाही. फुगा ढगाच्या दिशेने लहान होत गेला. मी जांभळा पडलो होतो. चिरंजीव माझ्या पाठीत हाणायला नव्हते म्हणून दोरीमामांनी हाणलं.

मग आम्ही आतल्या खोलीत जाऊन पडद्यापुढे बसलो. पेटी वरून आकडे पाठवत होती आणि पडद्यावर एक रेघ खालून वर सरकत होती. रेघ उजवीकडे गेली की हवा ओली, डावीकडे गेली की कोरडी. मोठ्या बाईही येऊन बसल्या. झडपेची गोष्ट त्यांना रुचली नव्हती, पण पडदा सोडून त्यांना राहवेना.

रेघ चढत गेली तशी डावीकडे सरकत गेली. ढग आला. मग तो सगळ्यात थंड थर आला आणि रेघ पार डाव्या कडेला टेकली. आणि त्याच्या लगेच वर तिला पोट आलं. उजवीकडे छान फुगीर पोट, वर जाता जाता हळूहळू ओसरणारं.

"आलं बघ," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "तुझं बाळ आलं."

सूनबाई हसली नाही. ठरलेली उंची आली. एवढ्या लांबून झडपेचा आवाज येणं शक्य नव्हतं, पण मला तो डास कानात गुणगुणल्यासारखा वाटला. पडद्यावरची उंची वाढायची थांबली. थोडी घुटमळली. मग कमी व्हायला लागली.

आता दुसरी रेघ वरून खाली यायला लागली, पहिल्या रेघेच्या शेजारून. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण दोन रेघा एकीवर एक आहेत की नाहीत हे इस्त्रीवाल्याला सांगावं लागत नाही. चुणी कुठे पडते तेच तर आयुष्यभर बघितलं. दुसरी रेघ त्या पोटाजवळ आली. तिलाही पोट यावं म्हणून मी डोळे लावून बसलो होतो. मी देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला सांगू. मला माझी खोली हवी होती, चिरंजीवांची खुर्ची हवी होती.

रेघ सरळ गेली. पोटाच्या आतून, डावी कड धरून, ताठ, त्या थंड थरात उतरली.

 मग मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "एका उड्डाणावर काही ठरत नाही."

"नाही ठरत," सूनबाई म्हणाली. "पण हे पोट बघा बाई. कसं ओसरत गेलंय. नळी सुकते ना, अगदी तसं. तिन्ही हंगामांची सगळी पोटं अशीच ओसरतात. मी ती मागे शंभरदा बघितलीत आणि मला तेव्हा ते आभाळ वाटलं." ती थांबली. "बर्फ वर जात होता हे खरंच होतं. आमच्याच नळीत बसून जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

तिचे डोळे भरून आले होते. तीन हंगाम, तो लेख, ती जागा, सगळं त्या एका सरळ रेघेने पुसून टाकलं होतं, आणि ती रेघ तिने स्वतःच्या हाताने काढून घेतली होती.  मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झालो.

ती पडद्यावरून बोट फिरवत होती. त्या दुसऱ्या रेघेवरून, अगदी हलकेच.

"किती कोरडी आहे बघा ना बाबा," ती म्हणाली. "एक थेंब सुटलेला नाही. काय निचरा आहे हा."

मी बघितलं तिच्याकडे. तिच्या आवाजात दुःख होतं, पण त्याच्या वर, दुःखाला बाजूला सारून, निव्वळ कौतुक होतं. स्वतःचं सगळं बुडालं त्या घटकेलाही तिला आभाळाचं काम आवडलं. तिथे, त्या खोलीत, मला ती फार मोठी वाटली. आजही वाटते.

मुलाखतीच्या दिवशी मी तिचे कपडे इस्त्री केले. लॉन्ड्री विकल्यापासून मी इस्त्रीला हात लावला नव्हता. बाहीची घडी अशी मोडली की तिने कागद कापावा. "आज निदान विचारतील तेवढंच बोल," मी म्हणालो. "विचारल्याशिवाय काही सांगू नकोस." ती वाकून माझ्या पाया पडली आणि गेली.

परत आली तेव्हा इस्त्री तशीच होती. चिरंजीव रोग्याला खुर्चीत तसाच सोडून जिना चढून आले.

"बसल्या बसल्या आधी तेच सांगितलं," ती म्हणाली. "अर्जात लिहिलेला शोध चुकीचा आहे. लेख मागे घेतलाय. उतरताना हे दिसलं."

"मग?"

"एकाने विचारलं, हे तुम्ही मुलाखत झाल्यावर का नाही तपासलंत? मला वाटतं मदतच करत होता बिचारा."

"मग?"

"जागा दुसऱ्याला मिळाली."

मी भडकलो. समितीचा, केंद्राचा, त्यांच्या खुर्च्यांचा मी असा उद्धार केला की खालचा रोगी दात तसाच ठेवून घरी गेला असावा. सूनबाई मला बोलू देत होती. मग म्हणाली, "त्यांचं चुकलं नाही बाबा. त्यांना शोध हवा होता. माझ्याकडे नव्हता."

मग माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. "हे बघ," मी म्हणालो. "मी तुला झाकली मूठ सांगत होतो. तू ऐकलं नाहीस ते फार चांगलं केलंस. माझ्या घरात असं माणूस आहे याचा मला अभिमान वाटतो. एवढंच." आमच्या घराण्यात असं तोंडावर कुणी बोलत नाही. चिरंजीवांनी तर खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं शोधून काढलं.

मोठ्या बाई काही दिवस बोलल्या नाहीत. मग एकदा येऊन चहा पिऊन गेल्या, त्यात सगळं आलं. आम्ही सामान बांधायला लागलो. एका लांबच्या केंद्रात तिला पुन्हा कराराचंच काम मिळालं होतं. मी माझं बोचकं आधी बांधून ठेवलं, म्हणजे माझ्यामुळे कुणाला थांबायला नको.

त्याच आठवड्यात खडूसचं दुसरं पत्र आलं. सूनबाईने त्याला दोन्ही रेघा पाठवल्या होत्या आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. मला वाटलं आता तरी दोन गोड शब्द लिहील. पत्रात एकच ओळ होती. झडपेला मोटर कुठली वापरली?

सूनबाई ओट्याला टेकून हसत सुटली. कितीतरी दिवसांनी हसत होती. "बाबा, याहून मोठं कौतुक तो माणूस करत नाही."

एक पेटी आणि एक फुगा अजून उरला होता. करार संपायच्या आत तो सोडायचाच असं तिने ठरवलं. एका उड्डाणावर काही ठरत नाही, हे मोठ्या बाईंचं म्हणणं खरंच होतं. पण पहिली झडप पेटीसकट कुठल्याशा तळ्यात पडली होती आणि मोडकं यंत्र एकच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर एक मोटर ठेवलेली होती, चकचकीत, नवी. चिरंजीवांनी चालत्या यंत्रातून काढून आणली होती.

"खुर्ची बांधायचीच आहे," ते पेपरामागून म्हणाले. "तोवर दात घासून येत जा म्हणावं लोकांना."

ढग पुन्हा तसेच विरळ आले. या वेळी दोरीमामांना दोरी धरायला दुसरं माणूस हवं होतं, म्हणून सूनबाईने पेटी माझ्या हातात दिली. कोरडे केलेले हात, मोजे, आणि हातात तो नखाएवढा आरसा. मी जन्मभर वाफेत उभा राहिलो. ओल म्हणजे माझं अन्न होतं. तिने टोपणं काढली, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी श्वास धरला.

पेटी हातातून गेली. फुगा वर जात राहिला, पांढरा, मग ठिपका, मग नुसतं आभाळ. मी हलत नव्हतो.

"सोडा आता श्वास, बाबा," सूनबाई म्हणाली. "गेली ती केव्हाच."